धक्क्यावरचा जकातवाला

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच ही गोष्ट आहे. रफूच्या त्या खोलीत अक्काने एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं भोक इतकं बेमालूम भरलं, की तो माणूस कोट घ्यायलाच तयार होईना. "माझ्या कोटाला इथे सिगारेटचं भोक होतं," तो काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, "हा दुसऱ्या कोणाचा तरी आहे. माझा काढा!" मालकाने भोकाची जागा शोधली, सापडली नाही. भिंग लावून शोधली, तरी नाही. शेवटी खुद्द अक्काला खाली बोलावलं, तर तिलाही दोन मिनिटं लागली. तो गृहस्थ कोट घेऊन गेला खरा, पण पुढे वर्षभर तो रस्त्यात दिसला की लोकांना वाटायचं, याने दुसऱ्याचा कोट घातलाय. हळूहळू त्यालाही तसंच वाटायला लागलं आणि त्याने तो भावाला देऊन टाकला.

ज्याला हे पटलं त्याने पुढे वाचावं. ज्याला नाही पटलं त्यानेही वाचावं, कारण पुढचं याहून अवघड आहे. असे डोळे असलेल्या बाईला एका माणसाने अकरा वर्षं फसवलं. तेही चोरून नाही, तिच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसून, रोज दुपारी दोन ते तीन.

खोली ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर होती. खालून वाफ यायची, त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर कायम फुगलेलं असायचं. जिना इतका अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोघांना नातं जोडल्याशिवाय सुटका नसे. वर तिघं बसत. खिडकीशी अक्का, पन्नाशी ओलांडलेली, डावरी, कमी बोलणारी. मध्ये फिरकी, तिच्या तोंडून निघालेलं वाक्य जिन्याच्या तळाशी पोचायच्या आत मागून दुसरी दोन सुटलेली असत. आणि दाराशी ठेंगू, जो चांगला सहा फूट उंच होता, पण त्याला उभा असा कोणी फारसा पाहिलेलाच नव्हता.

रफूचं काम शांततेचं. भोकाभोवतीचे उभे धागे मोजायचे, आडवे मोजायचे आणि सुईने एकेक धागा पुन्हा विणत जायचं. त्यासाठी दोरा बाजारातून आणत नाहीत. तो त्याच कपड्याच्या पोटातून काढतात, आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून. बाहेरचा दोरा रंगाने कितीही जुळो, चार धुण्यांत परका दिसायला लागतो.

अशा कामाला कान मोकळे असतात. मालकाने एकदा रेडिओ लावून पाहिला, पण हात ठेक्यावर पडायला लागले आणि एका वकिलाच्या पँटच्या गुडघ्यावर अख्खं कडवं उमटलं. मग मालकाला त्याचे शाळेतले इंग्रजीचे मास्तर आठवले. निवृत्त झालेले, बायको गेलेली, घरात बोलायला घड्याळसुद्धा नाही, कारण तेही बंद पडलेलं. मालक म्हणाला, "मास्तर, दुपारी या आणि आमच्या मंडळींना काहीतरी वाचून दाखवा. चहा माझा."

मास्तर आले ते बगलेत एक हिरवं, विटेएवढं जाड पुस्तक घेऊनच. इंग्रजी गोष्टींचं. शेकडो गोष्टी, आणि लिहिणारे झाडून सगळे शंभर वर्षांपूर्वी मेलेले. मास्तर ओळ डोळ्यांनी उचलत आणि तोंडाने आपल्या भाषेत ठेवत. आवाज असा, की गोष्टीत बर्फ पडला की फिरकी पाय पोटाशी घ्यायची.

त्यांची एक पद्धत होती. गोष्ट संपायला एखादं पान उरलं, की ते फीत घालून पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "शेवट उद्या." मग प्रत्येकाने आपलं मत द्यायचं, आता या माणसाने काय करावं. डोंगरातल्या एका पोस्टमास्तरीण बाईची गोष्ट होती. मेलेल्या माणसाच्या नावाने दर वर्षी एक पत्र येतं, आणि ती गुपचूप त्याला उत्तर पाठवते. त्या दिवशी तर मतं देता देता दोन ओव्हरकोट वेळेत झाले नाहीत.

"उत्तर पाठवायचं थांबवावं तिने," ठेंगू म्हणाला. "सरकारी नोकरी आहे. उद्या चौकशी लागली म्हणजे?"

"तुला गोष्टीतही चौकशी लागते रे!" फिरकी म्हणाली. "तिने सरळ उठावं आणि ज्याचं पत्र येतंय त्याच्याकडे जावं. दारात उभं राहून म्हणावं, मी तो मेलेला!"

"अक्का, तुमचं मत?" मास्तरांनी विचारलं. ते अक्काला नेहमी शेवटी विचारत, चहाचा शेवटचा घोट राखून ठेवतात तसं.

अक्का सुईत दोरा ओवत म्हणाली, "या लेखकाला तिची कीव येत नाही, मास्तर. अख्ख्या गोष्टीत तो तिच्या खोलीत एकदाही दिवा लावत नाही. दुसऱ्यांच्या घरात लावतो."

मास्तरांनी पुस्तक पुन्हा उघडलं, दोन-चार पानं मागे गेले आणि मान वर करून तिच्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं शिकवलं मी," ते म्हणाले. "एका पोराने असं सांगितलं नाही."

त्या दिवशी ते घरी गेले तेव्हा जिन्यावरून शीळ ऐकू आली, असं खालचा इस्त्रीवाला शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी शेवट ऐकवला: पोस्टमास्तरीण बाई तिथेच राहिली, केस पांढरे होईपर्यंत पत्रं लिहीत. फिरकी रुसली. अक्काला मात्र तो शेवट किंचित आखूड वाटला, बाही कोपराशीच संपावी तसा. पण लेखकाला असेल तसाच हवा, असं म्हणून तिने तो मानून घेतला.

चौथीनंतर शाळा सुटलेल्या अक्काचं त्या पुस्तकावर असं मन बसलं. त्या गोष्टींतली माणसं मनातलं बोलत नाहीत, उठून खिडकीचा पडदा सारखा करतात, आणि तेवढ्यात सगळं कळतं, हे तिला फार आवडायचं. रात्री भांडी घासताना ती त्या माणसांशी भांडायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात मास्तर भेटले की भांडण त्यांना सांगायची. आणि गोष्टींबद्दल बोलताबोलता स्वतःबद्दलही बोलायची, जे ती फिरकीशी कधी बोलली नसती. मास्तर मान एका बाजूला कलती करून ऐकायचे. असं ऐकणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्काच्या धाकट्या बहिणीने सहा तासांवरच्या एका गावात स्वतःचं रफूचं दुकान टाकलं आणि अक्काला बोलावलं. "ताई, ये. दोघी मिळून करू. किती दिवस दुसऱ्याच्या जिन्याने चढशील?" अक्काने हे जिन्यात मास्तरांना सांगितलं. जायचं तिच्या मनात होतं. पेटीसुद्धा माळ्यावरून खाली काढली होती.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी दोन बहिणींची गोष्ट काढली. धाकटी खाडीपलीकडच्या गावात टोप्यांचं दुकान काढते, थोरलीला पत्र पाठवते: ये. थोरली घर आवरते, पेटी भरते, बोटीत बसते. "शेवट उद्या." त्या गोष्टीला चित्रही होतं, आणि मास्तरांनी ते लांबून दाखवलं: बोटीत पेटीवर बसलेली बाई, पुढे पाणी, आणि पलीकडच्या धक्क्यावर सुईच्या टोकाएवढं कोणीतरी उभं.

"ते कोण उभंय?" अक्काने विचारलं होतं.

"जकातवाला," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेवट आला. धक्क्यावर जकातवाल्याशिवाय कोणीही नव्हतं. त्याने पेटी उघडायला लावली, एकेक कपडा उचलून झटकला आणि विचारलं, कोणाकडे आलात? थोरलीने दुकानाचं नाव सांगितलं. ते दुकान तर केव्हाच बंद झालं, असं म्हणून त्याने पेटीवर खडूने फुली मारली. बाई त्याच बोटीने परत आली, तर तिच्या जुन्या खुर्चीत दुसरीच कोणी बसलेली.

फिरकी हमसून रडली. ठेंगूने नाक शिंकरलं आणि सर्दीवर ढकललं. अक्का रडली नाही. तिने घरी जाऊन पेटी माळ्यावर टाकली आणि बहिणीला दोन ओळी लिहिल्या: जमणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. धाकटीने घेतलंच वाटून. दोन वर्षं ती अवाक्षर बोलली नाही.

गोष्ट ऐकून कोणी आयुष्य ठरवतं का, असं तुम्ही म्हणाल. अक्काही तेच म्हणाली असती. पण तिचा हिशेब साधा होता. शेजारीण सल्ला देते, त्यात तिची खोच असते. मालक सल्ला देतो, त्यात त्याचं काम असतं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या, आपलं नावही न ऐकलेल्या माणसाला आपल्याशी खोटं बोलून काय मिळणार?

तर आता या आठवड्याकडे या.

सोमवारी सकाळी धाकटीचा फोन आला. आवाज थकलेला होता. "ताई, डोळे गेले गं माझे. आंधळी नाही झाले, पण बारीक काम दिसत नाही. मी गिऱ्हाइकांकडे बघेन, तू सुई धर. एकदा विचारलं होतं, हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारणार नाही. शनिवारपर्यंत सांग. नाही म्हणालीस तर रविवारी मी दुकान सोडतेय." मग जरा थांबून हसली. "खिडकीची खुर्ची तुझीच आहे. उजेड उजवीकडून येईल अशी बसवून घेतलीय, तुझ्या डावऱ्या हातासाठी. आठ वर्षं तशीच आहे. मला मेलीला त्या खुर्चीत धड काम करता यायचं नाही."

हे नीट समजून घ्यायला हवं. डावऱ्या माणसाला उजेड उजवीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. या खोलीची खिडकी एकच, आणि ती अक्काच्या डावीकडे. बाकी दोघांच्या खुर्च्या आणि कामाची टेबलं अशी होती, की खुर्ची फिरवली तर दार उघडणार नाही. वीस वर्षं अक्का स्वतःच्या सावलीत भोकं भरत होती. तिने कधी ते बोलूनही दाखवलं नव्हतं.

ते तिने त्या सोमवारी जिन्यात मास्तरांना सांगितलं. फक्त मास्तरांना. "उजेड उजवीकडून ठेवलाय म्हणे वेडीने," ती म्हणाली. "मास्तर, मी काय करू?"

मास्तरांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "विचार करा," ते म्हणाले. "घाई करू नका. शनिवार लांब आहे."

मंगळवारी त्यांनी नवीन गोष्ट सुरू केली. एक बाई असते, लेस विणणारी. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिचं सारं आयुष्य गेलेलं. दूरच्या शहरातून तिची भाची बोलावते: आत्या, ये, आपण आपलं दुकान काढू.

"पुन्हा बोलावणं!" ठेंगू म्हणाला. "या इंग्रजी लोकांना एका जागी बसवत नाही का हो?"

"तुझ्यासारखे सगळे चिकटलेले नसतात दाराला," फिरकी म्हणाली. "वाचा हो मास्तर, याच्याकडे लक्ष नका देऊ."

अक्काने मान वर केली नाही, पण तिचे कान टवकारले होते. योगायोग म्हणायचा. जगात बोलावणारी माणसं असतात आणि बोलावली जाणारीही.

बुधवारी गोष्ट पुढे सरकली. मास्तर त्या दिवशी फारच रंगात होते. भाचीचं पत्र त्यांनी असं वाचलं, की खाली इस्त्रीवाल्याचा हात थांबला आणि एका शर्टाला त्रिकोणी डाग पडला. पत्रात भाची लिहिते: 'आत्या, तुझी खुर्ची खिडकीपाशी ठेवली आहे, अशी की उजेड तुझ्या उजव्या हाताकडून येईल.'

अक्काची सुई अर्ध्या टाक्यात थांबली.

मास्तर पुढे वाचत होते: रस्ते, घोडागाडी, सामान. अक्काला काही ऐकू येत नव्हतं. ती मंगळवारपासूनची सगळी गोष्ट मनातल्या मनात उलगडत होती. लेस विणणारी बाई कशी दिसते, काय नेसते, तिचा कुत्रा कोणत्या पायाने लंगडतो, सगळं होतं. ती डावरी आहे, असं कुठेही नव्हतं. आणि डावरी नसेल तर उजेड उजवीकडून कशाला? उजव्या हाताच्या बाईच्या कामावर तर अंधार पडेल. शंभर वर्षांपूर्वी मेलेला लेखक एक तर वेडा असला पाहिजे, किंवा हा धागा त्या कापडाचा नव्हता. तो दुसऱ्याच्या दुमडीतून काढलेला होता, आणि ती दुमड कोणाची ते अक्काला चांगलं ओळखता येत होतं.

"शेवट उद्या," मास्तरांनी फीत घातली. "हं, मतं द्या."

"जावं तिने," फिरकी तडक म्हणाली. "मेली आयुष्यभर लेस विणून दुसऱ्यांच्या गळ्याशी बांधतेय."

"जाऊ नये," ठेंगू म्हणाला. "मागच्या त्या टोपीवालीच्या बहिणीचं काय झालं? जकातवाल्याने खडूने फुली मारली! मला अजून स्वप्नात दिसतो तो."

मास्तर समाधानाने हसले. "अक्का?"

"उद्या सांगते," अक्का म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं. मग चहा संपवला, पुस्तक नेहमीसारखं कात्र्यांच्या खणात ठेवलं आणि गेले. खणाला कुलूप नव्हतं. इंग्रजी येणारं खोलीत होतं कोण?

पाच वाजता फिरकी आणि ठेंगू खाली गेले. अक्काने खण उघडला. अकरा वर्षं ते पुस्तक तिच्यापासून चार हातांवर होतं आणि तिने त्याला आज पहिल्यांदा हात लावला. फितीपाशी उघडलं. डाव्या पानावर चित्र होतं. मेंढीच्या लोकरीसारखा केसांचा टोप घातलेला एक न्यायाधीश, तोंड वेडंवाकडं केलेलं, आणि टोपातून डोकावणारा एक उंदीर.

अक्काने मागची पानं उलटली, पुढची उलटली. आणखी एक चित्र: तोच न्यायाधीश, तोच उंदीर, टेबलाखाली पळणारे वकील. बाई कुठे नाही, लेस नाही, कुत्राही नाही.

मग ती खाली बसली आणि शांतपणे, धागे मोजावेत तशी एकेक पान उलटत गेली. बोटीचं चित्र सापडायला वेळ लागला. तिने आपलं कामाचं भिंग काढलं, पुस्तक खिडकीकडे नेलं आणि भिंग धक्क्यावर टेकवलं.

त्या सुईच्या टोकाएवढ्या माणसाला घेरदार झगा होता. खांद्यावर शाल होती. एक हात वर होता आणि त्या हातात रुमाल.

कुठल्याही देशातला जकातवाला झगा घालून रुमाल हलवत नाही.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. औषधवाला शिकलेला, विनोदी, पण बायकोच्या धाकातला. अक्का पुस्तक पदराखाली घालून तिथे गेली.

"काय अक्का, डोळ्याचे थेंब?" त्याने विचारलं.

"डोळे चांगलेत माझे. एवढं वाच रे, भाऊ. हा शेवट. जसा आहे तसा वाच, तुझ्या पदरचं काही घालू नकोस."

औषधवाल्याने चष्मा वर सरकवला आणि अडखळत वाचलं. बोट टेकायच्या आधीच धाकटीने हाक मारली. ती सकाळपासून तिथे उभी होती, कारण आधीची बोट चुकून लवकर आली तर, असं तिला वाटलं होतं. पेटी जड होती. थोरलीने ती उचलली नाही आणि धाकटीनेही नाही. दोघींनी मिळून उचलली.

"संपलं?" अक्काने विचारलं.

"संपलं. चांगली आहे की गोष्ट. छोटीशी."

"जकातवाला?"

"कुठला जकातवाला?"

अक्काने काउंटरची कड धरली. औषधवाल्याने स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही. तिने त्याला आणखी शेवट वाचायला लावले, चित्रं बघून आठवतील तेवढे. पोस्टमास्तरीण बाईने शेवटच्या पानावर ऑफिसला टाळं ठोकलं होतं, किल्ली घंटेला अडकवली होती आणि भाजीच्या गाडीत बसून पत्रवाल्याच्या गावी गेली होती. दीपस्तंभावरचा म्हातारा खाली उतरला होता. खानावळीतली मुलगी आगगाडीत बसली होती. अकरा वर्षांत त्या पुस्तकातलं कोणीही उंबरा ओलांडून सुखी झालं नव्हतं, आणि इथे बघावं तर निम्मं पुस्तक बोचकं उचलून निघून गेलेलं. एक जण तेवढा वाटेत बर्फात मेला होता. त्याचा शेवट मास्तरांनी जसाच्या तसा ठेवला होता.

"आणि हा?" तिने फितीपाशी उघडलं.

औषधवाला वाचताना हसायला लागला. "हा न्यायाधीश आहे. टोपात उंदीर शिरतो म्हणून सगळ्यांना निर्दोष सोडतो. अक्का, हे वाचून दाखवलं नाही मास्तरांनी? फार मजेशीर आहे हो!"

"नाही," अक्का म्हणाली. "हे नाही दाखवलं."

परत येताना तिला रस्ता दिसत नव्हता. मास्तरांनी का केलं, ते तिला न सांगता कळत होतं. ती गेली की त्या खोलीत फिरकी उरणार, ठेंगू उरणार, पण दिवा कुठे लावला नाही हे सांगणारं कोणी उरणार नव्हतं. घरी बंद घड्याळ. माणूस भ्यायला असेल. हे सगळं कळत होतं, आणि कळूनही राग तसूभर कमी होत नव्हता. उलट, जास्तच जळत होतं. शत्रूने केलं असतं तर आठ वर्षं गेली म्हणून रडून मोकळी झाली असती. पण हा जिन्यातला माणूस. मान कलती करून ऐकणारा. तो ऐकत होता तेव्हा तिला वाटायचं, आपलं दुःख कोणीतरी नीट ठेवून घेतंय. तो ते ठेवून घेत नव्हता, उसवून घेत होता. तिचेच धागे काढून त्याने तिचीच वाट शिवून टाकली होती. आणि वर ज्यांनी कधी कोणाचं वाईट केलं नाही अशा मेलेल्या लेखकांच्या अंगावर ते सगळं घातलं होतं.

तिने पुस्तक खणात होतं तसं ठेवलं, फीत होती तिथेच घालून.

गुरुवारी दोन वाजता मास्तर आले. त्यांनी त्या दिवशी धुतलेला शर्ट घातला होता. फिरकीने त्यांच्यासाठी मोडा पुसून ठेवला होता आणि खालून इस्त्रीवालाही जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसला होता. मास्तरांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला.

"लेसवाली बाई घोडागाडीतून उतरली," ते वाचू लागले. "संध्याकाळ झाली होती. भाचीच्या दुकानाची खिडकी तिने दुरूनच ओळखली. आत दिवा होता. तिचं काळीज धडधडलं..."

"हे बघ, दिवा लावला," फिरकी कुजबुजली. "म्हणजे चांगलं होणार."

अक्का मांडीवर एक करड्या लोकरीचा कोट घेऊन बसली होती. तिच्या सुईत दोरा नव्हता. ती मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते पानावर होते, पण डावीकडून उजवीकडे सरकत नव्हते. एकाच जागी खिळले होते. अकरा वर्षं तिने कापडाकडे बघत ऐकलं होतं, म्हणून हे तिला कधी दिसलं नव्हतं.

"तिने दार ढकललं," मास्तर वाचत होते, आवाज हळू करत. "खिडकीपाशी ती खुर्ची होती, पत्रात लिहिलेली. पण त्या खुर्चीत कोणीतरी तरुण मुलगी बसून काम करत होती. भाचीने मान वर केली आणि म्हणाली, 'अगंबाई, तू खरंच आलीस? मी आपलं सहज लिहिलं होतं.'"

"अरे देवा!" ठेंगूने कपाळावर हात मारला. "म्हटलं नव्हतं मी!"

फिरकीने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनी नजर वर केली, अक्कावर आणली, आणि पुढे म्हणाले, "लेसवाली बाई वळली. बाहेर रस्ता..."

"मास्तर, ती डावरी आहे का?" अक्काने विचारलं.

"अं?"

"लेसवाली बाई. डावरी आहे का?"

"असेल." मास्तरांनी पान चाचपलं. "मागे कुठेतरी आलंय बहुतेक."

"नाही आलं," ठेंगू म्हणाला. "मला पाठ आहे. कुत्रा डाव्या पायाने लंगडतो, ते आलंय."

"मग तिच्या खुर्चीला उजेड उजवीकडून कशाला?"

फिरकीचा पदर डोळ्यांपासून हळूच खाली आला.

"अक्का, शेवटाकडे आलोय," मास्तर म्हणाले. "आधी ऐकून तर घ्या. मग मत द्या."

"मत देतेच. ती जाणार, मास्तर. शनिवारी सकाळच्या गाडीने जाणार. तिच्या बहिणीला कालच कळवलंय." अक्का उठून उभी राहिली, मांडीवरचा कोट खाली पडला तरी तिने तो उचलला नाही. "आणि धक्क्यावर जकातवाला नव्हता. झगा होता तिथे, शाल होती, रुमाल होता. सकाळपासून उभी होती ती. आठ वर्षं उभी होती."

"अक्का, मी तुमच्याच..."

"काय गं हे?" फिरकी घाबरून म्हणाली. "अक्का, मास्तर पुस्तकातलं वाचतायत ना?"

"त्या पानावर बाईच नाही," अक्का म्हणाली. "न्यायाधीश आहे, आणि त्याच्या टोपात उंदीर आहे. हा माणूस खोटं वाचतोय, फिरके. अकरा वर्षं खोटं वाचतोय."